खिळा कुठे ठोकायचा

(दृश्य : नवी मुंबई, वाशीतलं एक प्रदर्शन दालन. सकाळ. भिंतीला लागून लाकडी खोके.)

हे खोके काल संध्याकाळी आले. उघडतायत मात्र आज. बाहेर जुलैचा पाऊस आणि आत एसी. कागदावरचं काम एका हवेतून एकदम दुसऱ्या हवेत आलं, की कागद फुगतो, कडा वळतात. म्हणून खोका जमल्यास चोवीस तास दालनातच बंद ठेवायचा.

झाकणाचे स्क्रू निघाले. पहिलं चित्र टेबलावर आलं आणि क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शनाची कल्पना आखून कामं निवडणाऱ्या आणि मांडणाऱ्या बाईने, दिवे बंद करायला सांगितलं. आता ती टॉर्च कागदाच्या कडेशी जवळजवळ आडवी धरते. उजेड तिरका पडला, की समोरून न दिसणारं सगळं वर येतं. डाव्या कोपऱ्यात एक मुडप. वरच्या कडेला पिवळट ठिपका, बहुधा बुरशीची सुरुवात. दोन्हींची फॉर्मवर नोंद होते, फोटो निघतात, चित्र घेऊन आलेल्या माणसाची सही होते. महिनाभराने चित्र परत जाईल, तेव्हा हाच फॉर्म समोर ठेवून ते पुन्हा तपासलं जाईल. विम्याचा वाद झालाच, तर हाच कागद कामी येईल.

ती ऐरोलीला राहते. उद्घाटनाच्या दिवशी लोक तिला साडीत, माइकसमोर बघतील. या माहितीपटात आम्हाला मात्र हा टॉर्चवाला दिवस दाखवायचा आहे, कारण या पेशाचा भार इथे आहे.

(दृश्य : भिंतीवर ताणलेला पांढरा दोरा. शिडीवर सुतार.)

"ताई, अजून खाली घेऊ?"
"नको दादा, दोरा बघा. मध्य दोऱ्यावर येऊ द्या."

दोरा जमिनीपासून साधारण 58 इंचांवर आहे. उभ्या माणसाची नजर तिथे जाते. चित्र लहान असो की मोठं, त्याचा मध्य या रेषेवर ठेवला, की बघणाऱ्याची मान सारखी वर-खाली होत नाही. वरचे निम्मे दिवेही काढून ठेवलेत. जलरंगांसाठी आणि कागदावरच्या कामांसाठी संग्रहालयं उजेड 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात. हॉलचे नेहमीचे दिवे त्यापेक्षा कितीतरी प्रखर.

(दृश्य : बेर्नच्या जुन्या प्रदर्शनाची कृष्णधवल छायाचित्रं.)

स्वतंत्र क्युरेटर ही वाट तशी अलीकडची. 1969 मध्ये स्वित्झर्लंडच्या बेर्न शहरात हाराल्ड झेमान यांनी एक प्रदर्शन भरवलं. त्यात एका कलावंताने वितळलेलं शिसं भिंतीच्या बुडाशी फेकलं, दुसऱ्याने बाहेरचा फुटपाथ लोखंडी गोळ्याने फोडला. शहर खवळलं. झेमान यांनी कलादालनाचं संचालकपद सोडलं आणि पुढे कुठल्याही संस्थेच्या नोकरीविना प्रदर्शनं उभी करत राहिले. 1972 मध्ये जर्मनीतल्या डॉक्युमेंटा या मोठ्या समकालीन कलाप्रदर्शनाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

आपल्याकडची गोष्ट निराळी. सरकारी संग्रहालयांत अभिरक्षकाची, म्हणजे क्युरेटरची, पदं मोजकी, आणि समकालीन कलेसाठी तर फारच कमी. मग ही जागा भरली कोणी? बऱ्याच अंशी चित्रकारांनीच. केरळातली कोची-मुझिरिस बिएनाले (बिएनाले म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन) 12 डिसेंबर 2012 रोजी सुरू झाली. ती उभी करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियाज कोमू हे दोघेही मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयातून शिकलेले कलावंत. 2014 च्या बिएनालेचे क्युरेटर जितीश कल्लाट, 2016 चे सुदर्शन शेट्टी. हेही जेजेचेच.

कल्लाट यांच्या प्रदर्शनाशी जरा थांबायला हवं, कारण क्युरेटर विचार कसा करतो ते तिथे दिसतं. त्यांनी दोन धागे घेतले. केरळात चौदाव्या शतकापासून बहरलेली खगोल आणि गणिताची परंपरा, आणि त्याच किनाऱ्यावर वास्को द गामाच्या पाठोपाठ आलेला समुद्री व्यापार आणि सत्ता. एक नजर आकाशाकडे, दुसरी समुद्राकडे. कलाकृती या दोन धाग्यांच्या आधाराने निवडल्या, तर अनोळखी देशातल्या कलावंताचं कामही कोचीच्या गोदामात परकं वाटत नाही. चांगला क्युरेटर चित्रांची यादी करण्याआधी एक प्रश्न हाती घेतो. आमच्या मते नव्या पोरांनी शिकायचं ते हेच, आणि हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

चित्रकार नसलेलेही इथवर पोचतात. कवी आणि कलासमीक्षक रणजित होस्कोटे यांनी 2011 च्या व्हेनिस बिएनालेत भारताचं दालन क्युरेट केलं. मुद्राचित्रकार झरीना हाश्मी यांचं काम त्यात होतं. लिहिता येणं ही या पेशात शोभेची गोष्ट नाही. भिंतीवरचा दीडशे शब्दांचा मजकूर, अनुदानाचा अर्ज, परदेशी संग्रहालयाला कलाकृती उसनी मागणारं पत्र, हे सगळं क्युरेटरच लिहितो.

(दृश्य : ऐरोली स्टेशन. गर्दी.)

आमच्या ऐरोलीच्या क्युरेटरचं शिक्षण तुकड्यातुकड्याने झालं. आधी चित्रकलेची पदवी. मग भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा समकालीन कला आणि क्युरेटोरियल स्टडीजचा डिप्लोमा. ऐरोलीहून ठाणे, तिथे गाडी बदलून भायखळा. त्यानंतरची काही वर्षं एका गॅलरीत सहायक म्हणून गेली. पत्ते लिहिणं, फ्रेमवाल्याकडे खेपा, कॅटलॉगचं प्रूफ, कलावंताला दहावा फोन. कॅटलॉगमध्ये नाव शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत.

आता ती स्वतंत्र आहे, म्हणजे पगार नाही. प्रत्येक प्रदर्शनाचं मानधन वेगळं ठरतं. तयारी आधीपासून चालू असते, बिल मात्र उद्घाटनानंतर लागतं आणि पैसे त्याच्याही नंतर येतात. मधल्या काळात ती शिकवते, भाषांतरं करते, लेख लिहिते. घरच्यांना हे समजावणं सोपं नव्हतं. या पेशातली हुशार माणसं गळतात ती बहुतेक या मधल्या काळात, आणि ज्यांच्या घरी आधार आहे तीच टिकतात. ही गोष्ट आम्हाला खरोखर खुपते.

(दृश्य : रबाळे एमआयडीसीतला गाळा. वेल्डिंगच्या ठिणग्या.)

मोठ्या शिल्पाचा सांगाडा इथे जोडला जातोय. कलावंताला वाटतं पत्रा आणखी पातळ हवा. वेल्डर म्हणतो, मग तो उभा राहायचा नाही. दोघांचंही बरोबर. ती आधी दालनाच्या दाराची रुंदी विचारते, मग वजन, मग हा सांगाडा दोन तुकड्यांत नेता येईल का ते. अर्ध्या तासात कलावंत आणि वेल्डर दोघंही एकाच कागदावर वाकून रेघा मारत असतात.

(दृश्य : सीबीडी बेलापूर, पारसिक टेकडीचा पायथा.)

खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवावं, ही कल्पना वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकात मांडली. 1970 मध्ये ते शहर उभारणारं सरकारी महामंडळ, सिडको, आलं. शहराची कल्पना ज्या नियतकालिकात छापली गेली त्याचे वाचक कलेचे होते, पण त्या शहरात समकालीन कलेचं स्वतःचं संग्रहालय अजून उभं राहिलेलं नाही. उड्डाणपुलांच्या भिंती रंगल्या, चौकात फ्लेमिंगोंचे पुतळे उभे राहिले. ते छानच आहेत. पण पाऊस आणि ऊन सोसणाऱ्या भिंतीवर कागदाचं चित्र लावता येत नाही, आणि क्युरेटरला नोकरीही मिळत नाही.

(दृश्य : आर्टिस्ट व्हिलेज. घरांच्या मधला चौक.)

ही वसाहत कोरियांनी ऐंशीच्या दशकात रचली. सात-सात घरं, मध्ये साधारण आठ मीटरचा चौक. किती घरांवर मजले चढले, कित्येक घरं पार बदलली, पण चौक अजून वापरात आहेत. पावसाळा संपला, की यातल्या तीन चौकांत तिला प्रदर्शन करायचंय. कागदाची कामं नाहीत, आवाज, माती आणि धातूची. परवानगीचे अर्ज गेलेत. विजेचं कनेक्शन कोणाच्या मीटरवरून घ्यायचं, रात्री राखण कोण करणार, मुलांनी शिल्पावर चढायचं की नाही, हे ठरायचंय. मुलांनी चढावं असं तिचं मत आहे, आणि शिल्पकार तयार झालाय.

रविवारी रहिवाशांची बैठक आहे. गाड्या कुठे लावायच्या, हा प्रश्न सगळ्यात आधी येणार. त्याचा नकाशा तिने आधीच काढून ठेवलाय.