मिठाच्या कणाएवढी मोटर

[पडदा काळा. फक्त आवाज: खर्र… खर्र… टक्.]

हा आवाज रेणू सरकवण्याचा आहे. रेणू काही बोलत नाही. रेणू सरकवणाऱ्या यंत्राची सुई आणि तांब्याचा पृष्ठभाग यांच्यामधला विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो, तोच इथे कानावर येतो. रेणू किती घरं पुढे सरकला, हे शास्त्रज्ञ आवाजावरून ओळखतात.

[राखाडी पाटी. ठिपक्यांचा मुलगा चेंडू उडवतो.]

2013 साल. कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेजवळची आयबीएम या संगणक कंपनीची अल्माडेन प्रयोगशाळा. हा प्रत्येक ठिपका म्हणजे तांब्यावर उभा राहिलेला कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू. त्यांची 242 चित्रं जोडली आणि जगातला सर्वात छोटा चलच्चित्रपट तयार झाला. गिनेस बुकात तशी नोंद आहे. यंत्राचं वजन दोन टन, तापमान उणे 268 अंश सेल्सियस, आणि चित्र मोठं केलंय दहा कोटी पटींनी. ठिपक्यांभोवती पाण्यासारखे तरंग दिसतात ना? ते तांब्याच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनचे.

पण या यंत्राआधी एक माणूस होऊन गेला. त्याच्या हातात होती दातकोरणी.

[कृष्णधवल छायाचित्र. सूक्ष्मदर्शकावर वाकलेले फाइनमन.]

29 डिसेंबर 1959. कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या तंत्रज्ञान संस्थेतल्या एका व्याख्यानात भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन म्हणाले, खाली, अगदी तळाशी, भरपूर जागा रिकामी आहे. आणि हजार-हजार डॉलरची दोन बक्षिसं जाहीर केली. एक, पुस्तकाचं पान पंचवीस हजार पटींनी लहान करून लिहिणाऱ्याला. दुसरं, इंचाच्या चौसष्टाव्या भागाच्या घनात बसणारी, खरोखर फिरणारी विजेची मोटर करणाऱ्याला. म्हणजे लांबी, रुंदी, उंची, सगळं 0.4 मिलिमीटरच्या आत.

फाइनमनचा हिशेब असा, की यासाठी कुणाला तरी नवीच पद्धत शोधावी लागेल.

मग लोक मोटरी घेऊन येऊ लागले. कुणाची तळहाताएवढी, कुणाची जरा लहान. नोव्हेंबर 1960 मध्ये विल्यम मॅक्लेलन नावाचे एक इंजिनियर आले, तेही चांगलं मोठं खोकं घेऊन. आणखी एक हौशी, असं वाटलं असणार. खोकं उघडलं. आतून निघाला सूक्ष्मदर्शक.

[भिंगाखाली मोटर. शेजारी मिठाचा कण.]

नीट बघा. सुटे भाग तेरा. वजन पाव मिलिग्रॅम. वेग मिनिटाला दोन हजार फेरे. तार केसाहून कितीतरी बारीक, आणि ती गुंडाळलेली आहे हातानं. घड्याळजीचा लेथ, चिमटा, सूक्ष्मदर्शक आणि टोक काढलेली दातकोरणी, एवढाच सरंजाम. वेळ कुठला? जेवणाच्या सुट्टीतला. असे अडीच महिने. ज्यानं भिंगाखाली कधी सुई धरून पाहिली असेल त्याला ठाऊक आहे, तिथे आपल्या नाडीचा ठोकासुद्धा सुईच्या टोकावर उडताना दिसतो. श्वास रोखून काम करायचं, म्हणजे अक्षरशः रोखून.

फाइनमन थोडे खट्टू झाले. अटी पुऱ्या झाल्या, पण नवीन तंत्र काही निघालं नाही. विज्ञानाच्या इतिहासात ही गोष्ट बहुतेक वेळा अशीच सांगतात, फसलेल्या स्पर्धेचा किस्सा म्हणून. आम्हाला ते पटत नाही. जे करायला यंत्र लागेल असं त्या काळच्या सर्वात तल्लख माणसाला वाटलं, ते एका कारागिरानं हातानं करून दाखवलं. याला फसणं कसं म्हणायचं?

बक्षिसाचे पैसे वेगळे काढून ठेवलेले नव्हतेच. फाइनमननी स्वतःच्या खिशातून चेक दिला. वर लिहिलं, आता दुसऱ्या बक्षिसाच्या मागे लागू नका. माझं लग्न झालंय, घरही घेतलंय.

उरलेलं, पुस्तकाच्या पानाचं बक्षीस 1985 मध्ये स्टॅनफर्डच्या टॉम न्यूमननं मिळवलं. इलेक्ट्रॉनच्या झोतानं त्यानं डिकन्सच्या कादंबरीचं पहिलं पान लिहिलं. लिहिण्यापेक्षा लिहिलेलं पान पुन्हा शोधताना तो जास्त दमला.

[झुरिक. धातूची सुई, टोकाला प्रकाश.]

तोपर्यंत 1981 मध्ये झुरिकला गेर्ड बिनिग आणि हाइनरिक रोरर यांनी अणू ‘चाचपणारी’ सुई तयार केली होती. सुई पृष्ठभागाला टेकत नाही. मधलं अंतर अणूच्या एखाद्या अंशानं बदललं तरी प्रवाह एकदम वाढतो किंवा पडतो. आंधळ्यानं बोटांनी चेहरा वाचावा, तसं. नोबेल 1986 मध्ये मिळालं.

[निळसर पाटी. उंचवट्यांची तीन अक्षरं.]

1989 मध्ये आयबीएमच्या डॉन आयग्लरनी तशाच सुईनं झेनॉनचे 35 अणू निकेलवर ओढत नेले आणि आपल्या कंपनीची तीन अक्षरं लिहिली. अक्षराची उंची पाच नॅनोमीटर. वेळ, बावीस तास. पुन्हा तेच: एक माणूस, एक टोक, आणि दम धरणं.

पुढे 2012 मध्ये बारा अणूंवर आणि 2017 मध्ये एका अणूवर माहितीचा एक बिट साठवून झाला. त्यातून काय येईल तो वेगळा विषय.

[पुन्हा ठिपक्यांचा मुलगा. चेंडू वर जातो.]

हा मुलगा टिकतो तो फक्त थंडीच्या जोरावर. तांबं तापू दिलं, की रेणू एकेक करून उडून जातात.

[कोरी राखाडी पाटी. आवाज बंद.]