कार्ड घासलं तिकडे, कर कुठे?

(मुलं परदेशी असलेल्या पालकांसमोर जळगावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

सोनं आणि केळी, या दोन गोष्टींचा हिशेब जळगावकराला कोणी शिकवावा लागत नाही. पण पोऱ्या बँकॉकला नोकरीला लागला की त्याच्या खिशातल्या इथल्या क्रेडिट कार्डाचा तिसरा हिशेब सुरू होतो. तो मात्र कोणीच मांडत नाही.

आधी तुमचं उरकतो. मुलाला भेटायला गेलात, तिकडे आपलं क्रेडिट कार्ड वापरलंत, तर टीसीएस, म्हणजे खर्चाच्या वेळीच आगाऊ घेतला जाणारा कर, कापला जात नाही. मे 2023 मध्ये तो कापायचं ठरलं होतं, ओरड झाली, 28 जूनला सरकारनं ते लांबणीवर टाकलं. डेबिट आणि फॉरेक्स कार्डाचा खर्च मात्र परदेशी पैसे नेण्याच्या वर्षाच्या अडीच लाख डॉलरच्या मर्यादेत धरतात. दहा लाख रुपयांच्या वर गेलात की 20 टक्के टीसीएस. रिटर्नमध्ये तो वळता होतो, घाबरू नका.

आता पोऱ्याचं. जानेवारी ते डिसेंबरात 180 दिवस थायलंडमध्ये राहिला, की करापुरता तो तिथला रहिवासी. बाहेरच्या देशातलं उत्पन्न त्याच वर्षी तिकडे नेलं तरच पूर्वी कर लागायचा. त्यामुळे लोक पैसा लोणच्यासारखा वर्षभर मुरवायचे आणि मग न्यायचे. 1 जानेवारी 2024 पासून ही वाट बंद झाली. थायलंडच्या महसूल विभागाचा आदेश क्रमांक 161/2566. त्यांचं साल आपल्यापेक्षा 543 नं पुढे, म्हणजे आपलं 2023. पाठोपाठ 162 नंबरचा आदेश आला: 2024 च्या आधी कमावलेलं कधीही न्या, कर नाही.

कार्डाची गोम इथेच आहे. पैसे त्यानं पाठवले नाहीत, पण जेवला बँकॉकला आणि बिल फिटलं भुसावळच्या गाळ्याच्या भाड्यातून. म्हणजे भाडं तिकडे पोचलंच. भाड्यावर इथे कर भरलेला असेल तर दोन देशांच्या करारानुसार त्याची वजावट मागता येते.

केळीचं काय? रावेरचा सातबारा पोऱ्याच्या नावावर. शेतीचं उत्पन्न इथे करमुक्त, आपण त्यावर खूश. तेच पैसे कार्डाच्या बिलात गेले, तर तिकडे ते साधं उत्पन्न, आणि वजावट मागायला इथे कर भरल्याची पावतीच नाही! इथली सूट तिथे अंगावर येते.

म्हणून 31 डिसेंबर 2023 ची शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट काढा. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, त्यात नवं भाडं, केळी विक्रीची नवी पट्टी मिसळू नका, आणि बिल त्याच खात्यातून जाऊ द्या.

मागून काका विचारताहेत, "बिल मीच भरलं तर?" काका, तुमच्या कमाईतून भरलंत तर ती भेट. आईवडिलांकडून वर्षाला दोन कोटी बाथपर्यंतच्या भेटीवर तिकडे कर नाही. इथे ती तुमच्या अडीच लाख डॉलरमध्ये मोजली जाईल. फक्त ते पैसे खरंच तुमचे हवेत. त्याच्या सातबाऱ्याची केळी विकून तुमच्या खात्यात आलेले नकोत.