साताऱ्याचा कातळ आणि चंद्रावरची विवरे

अध्यक्ष महोदय, प्राध्यापक मंडळी, पालक आणि विद्यार्थी मित्रहो,

पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या मुलामुलींनी व्यावसायिक ग्रहवैज्ञानिकांच्या कार्यशाळेत जाऊन करायचे काय, हा प्रश्न मला पालकांनी विचारला, सहकाऱ्यांनी विचारला आणि खरे सांगायचे तर निघालेल्या विद्यार्थ्यांनीही विचारला. मागच्या रांगेत बसून व्याख्याने ऐकायची, चहाच्या वेळी एखाद्या नामवंताबरोबर छायाचित्र काढून घ्यायचे आणि प्रमाणपत्र आणून महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या फाइलीला लावायचे, एवढाच हेतू असेल तर प्रवासखर्च वाचवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्याने तिथे काम करायला जावे. काम लहान असले तरी चालेल. मात्र ते दुसऱ्याला तपासता आले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला विवरे मोजण्याचे काम आले, आणि आज मी मुख्यतः त्याविषयीच बोलणार आहे.

चंद्राच्या पृष्ठभागाचे वय काढण्यामागची कल्पना सोपी आहे. जो प्रदेश जितका जुना, तितका काळ त्याने उल्कांचा मारा सोसलेला असतो, म्हणून त्याच्यावर विवरे अधिक. ठरावीक व्यासाहून मोठी विवरे दर चौरस किलोमीटरला किती आहेत हे मोजले, की दोन प्रदेशांपैकी आधीचा कोणता ते कळते. मात्र वय वर्षांत सांगायचे तर कुठे तरी प्रत्यक्ष दगड हाती यावा लागतो. अपोलो मोहिमांनी आणि सोव्हिएत लुना यानांनी आणलेल्या नमुन्यांचे वय प्रयोगशाळेत काढले गेले, ते नमुने जिथून उचलले तिथल्या विवरसंख्येशी ताडून पाहिले गेले आणि त्यातून एक आलेख उभा राहिला. या आलेखात ३ अब्ज ते १ अब्ज वर्षे या टप्प्यावर मोठी पोकळी होती. चीनच्या चांग-ई ५ यानाने डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाचे, वय सुमारे २ अब्ज वर्षे निघाले, तेव्हा कुठे त्या पोकळीत एक भक्कम बिंदू बसला.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे येऊ. चांद्रयान-२ च्या कक्षायानावरील उच्च विभेदन कॅमेरा १०० किलोमीटर उंचीवरून सुमारे पाव मीटरचा तपशील टिपतो. अशा प्रतिमेचा तुकडा पडद्यावर उघडला, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांना पहिला अर्धा तास खड्डे दिसलेच नाहीत, टेकड्या दिसल्या. उजेड वरून येतो असे आपला डोळा गृहीत धरतो. प्रतिमेत सूर्य खालच्या बाजूला असला तर खड्डा फुगवट्यासारखा भासतो. त्यामुळे सूर्य कोणत्या दिशेला आणि किती उंचीवर होता, याची नोंद मोजणीआधी पाहावी लागते. ऊन तिरपे असेल तर उथळ विवरांच्याही सावल्या पडतात; तेच ऊन डोक्यावर आले की ती विवरे नाहीशी होतात. शिवाय मोठ्या आघातातून उडालेल्या दगडधोंड्यांनी पाडलेली दुय्यम विवरे असतात. ती बहुधा झुबक्याने किंवा ओळीने येतात, लांबट असतात, आणि ती मोजणीत धरली तर प्रदेश आहे त्याहून म्हातारा ठरतो.

एकाच प्रतिमेवर दोन विद्यार्थिनींनी शेजारी बसून मोजणी केली आणि दोघींचे आकडे जुळेनात. पदवीच्या प्रयोगशाळेत शिकवतो त्याप्रमाणे १०० वस्तू मोजल्या तर वर्गमुळाइतकी, म्हणजे १० ची अनिश्चितता निव्वळ संख्येमुळेच येते. इथला फरक त्याहून जास्त होता. आपल्या परीक्षापद्धतीत वाढलेल्या मुलींना वाटले की आता मार्गदर्शक कोणाचे उत्तर बरोबर ते सांगतील. त्यांनी ते सांगितले नाही. कडा अर्धवट झिजलेले विवर धरायचे की सोडायचे, चौकटीच्या रेषेवर आलेल्याचे काय करायचे, याचे नियम दोघींनी स्वतंत्रपणे लिहावेत आणि मग पुन्हा मोजावे, एवढेच त्यांनी सुचवले. अनुभवी तज्ज्ञांच्या मोजणीतही एकमेकांत फरक पडतो, हे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसलेले आहे, आणि तो फरक लपवण्याऐवजी आकड्यासोबत छापला जातो. नियम लिहिल्यावर फरक कमी झाला, पण पूर्णपणे गेला नाही. माझ्या मते वर्गात वर्षभर शिकवूनही जे हाती लागत नाही, ते त्या दुपारी लागले.

दुसरी गोष्ट आपल्या गावच्या दगडाची. एका विद्यार्थ्याने यवतेश्वरच्या घाटात फोडलेल्या कातळाचा तुकडा पिशवीतून नेला होता. काळ्या बेसाल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या होत्या आणि त्या पांढऱ्या स्फटिकांनी भरलेल्या होत्या. अपोलो १५ ने आणलेल्या सच्छिद्र बेसाल्टचे छायाचित्र पडद्यावर आले तेव्हा त्याने विचारले, की याच्या पोकळ्या रिकाम्या का? इंग्रजी अडखळत होते, पण प्रश्न नेमका होता. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झाला आणि त्यानंतर त्याच्या भेगांतून पाणी झिरपत राहिले. त्या पाण्यातून झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजे पोकळ्यांत साचली; तेच ते पांढरे स्फटिक. चंद्रावर असे वाहते पाणी नव्हते, म्हणून तिथली पोकळी कोट्यवधी वर्षे तशीच राहिली. पुढची चर्चा बराच वेळ या तुकड्यावरच चालली, आणि त्यात कोयनेचा विषय निघाला. कोयना परिसरातल्या भूकंपांच्या अभ्यासासाठी केलेल्या खोल छिद्रणात रसाटी येथे सुमारे ९३० मीटर बेसाल्ट पार केल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. एवढ्या जाडीत लाव्हाचे थरावर थर आहेत, आणि थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचे पट्टे आहेत, म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये पृष्ठभाग झिजायला अवधी मिळाला होता. मंगळावरच्या मातकट खनिजांचा विचार करणाऱ्यांना असे पट्टे फार मोलाचे वाटतात.

अर्थात चंद्र म्हणजे सगळा सातारा नव्हे! २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ जिथे उतरले, तिथल्या मातीची रासायनिक घडण प्रज्ञान बग्गीने मोजली, तेव्हा ती फिकट रंगाच्या अ‍ॅनॉर्थोसाइट खडकाशी जुळणारी निघाली. यान उतरवण्याच्या सरावासाठी इस्रोने जी कृत्रिम चांद्रमाती बनवली, तीही तमिळनाडूतल्या सित्तंपुंडीच्या तशाच खडकापासून. आपला दगड उपयोगी पडतो तो चंद्रावरच्या काळसर, बेसाल्टच्या मैदानांच्या अभ्यासासाठी, आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारसाठी.

लोणारविषयी थोडे सांगतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे आघाती विवर थेट बेसाल्टमध्ये आहे, आणि पृथ्वीवर अशी विवरे मोजकीच आहेत. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघते, तर खडकात साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूवर आधारलेल्या मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. अकरा पटींचा हा फरक पाहून आमची मुले गोंधळली, कारण त्यांच्या टिपणात एकच आकडा होता. झीज किती झाली आहे, आघाताने वितळून बनलेल्या काचेत जुना आर्गॉन वायू अडकून राहिला असेल का, नमुना कोणत्या थरातून घेतला, असे प्रश्न तज्ज्ञ एकमेकांना विचारत होते आणि कोणीही आवाज चढवत नव्हते. हे पाहायला मिळावे म्हणूनच विद्यार्थ्यांना तिथे न्यायचे.

जाण्यापूर्वीच्या तयारीविषयी पालकांनी विचारले आहे. थोडे सांख्यिकी, नकाशे हाताळणारी एखादी मोफत संगणक प्रणाली आणि इंग्रजीत दोन पानांचा गोषवारा वाचण्याची सवय, एवढे पुरे. महागड्या उपकरणांची गरज नाही. चांद्रयान-२ च्या प्रतिमा इस्रोच्या संकेतस्थळावर नावनोंदणी करून विनामूल्य मिळतात. सध्या आमच्या संगणककक्षात नवा गट त्याच प्रतिमेच्या त्याच चौकटीतली विवरे मोजतो आहे. नियमांचा कागद त्यांच्याजवळ दिलेला आहे. आधीच्या दोघींचे आकडे मात्र मोजणी पुरी होईपर्यंत त्यांना दाखवायचे नाहीत, असे ठरले आहे.