खोताचं घराणं शोधायचंय? मग कुळाची पेटी उघडा

नमस्कार मंडळी, ठाण्यातनं बोलतेय, मागे पंख्याचा आवाज येत असेल तर चालवून घ्या, ऑक्टोबर आहे, बंद केला तर मीच बंद पडेन.

हा कागद बघा.

[पावती कॅमेऱ्याजवळ धरते]

हा आमच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत होता, रेशनकार्डं, लाइटबिलं आणि कुणाच्या तरी साखरपुड्याचे फोटो, त्याच्या तळाला. मोडीत आहे, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं की काहीतरी मंत्रबिंत्र असेल, आजीने तर एकदा तो देव्हाऱ्यात ठेवला होता. मग मोडी वाचणाऱ्या एका काकांना दाखवला, ते हसले आणि म्हणाले, अगं ही भाताची पावती आहे. खोताच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या कारकुनाने माझ्या पणजोबांना लिहून दिलेली, एवढं एवढं भात खंडापोटी, म्हणजे जमिनीच्या भाड्यापोटी पोचलं. पणजोबा त्याचं कूळ, म्हणजे त्याची जमीन कसणारे. वर शके १८४६. शकात ७८ मिळवायचे, म्हणजे १९२४, आणि तारीख जानेवारी ते गुढीपाडव्याच्या मधली असेल तर ७९ मिळवायचे, हे लिहून ठेवा कारण मी इथेच पहिल्यांदा एक वर्ष चुकले होते.

आम्ही आगरी, घोडबंदर रोडच्या बाजूचं गाव. कुठलं ते सांगत नाही, मागच्या वेळी सांगितलं तर कमेंटमध्ये तीन भावकींची भांडणं लागली. खोताचंही नाव सांगणार नाही कारण त्यांची पणतवंडं आहेत आणि चांगली माणसं आहेत. आजी एवढंच सांगायची, "खोताचा मानूस आला की पोरांना आत घ्यायचे." पण खोत स्वतः कोण होता, कुठे राहायचा, पुढे त्यांचं काय झालं, गावात एकालाही माहीत नाही. म्हणजे ज्याच्या नावाने तीन पिढ्या घाबरल्या त्याचा चेहरासुद्धा कुणी पाहिला नव्हता.

आता आधी हे खोत आपल्याकडे आले कुठून ते पटकन सांगते. रत्नागिरीकडचे खोत डोक्यात असतील तर ते जरा बाजूला ठेवा, तिकडे खोत गावात राहणारा, पिढीजात. आपल्या साष्टीत, म्हणजे ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतच्या बेटात, प्रकार वेगळा. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा साष्टी मराठ्यांकडेच होती, मग १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तोच किल्ला जिथे आज जेल आहे, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी त्यांच्याकडेच राहिली. जमीन भरपूर, पण त्यातली बरीच पडीक आणि खारी. मग कंपनी सरकारने मुंबईच्या पैसेवाल्या व्यापाऱ्यांना गावंच्या गावं द्यायला सुरुवात केली, कुणाला भाड्याने, कुणाला कायमची, की बाबांनो लागवड करा, बांध घाला, विहिरी खणा.

फ्रामजी कावसजी बनाजी हे यातलं सगळ्यात मोठं नाव. पवई त्यांच्याकडे होती, तिथे ऊस, तुती, आंबे असं सगळं लावलं होतं, १८३८ मध्ये तर राणी व्हिक्टोरियाला बोटीने आंबे पाठवले. पोचले तेव्हा काय वास आला असेल देव जाणे. विक्रोळी गावाचा त्यांच्या नावचा दस्त १८३५ चा आहे, आणि तो दस्त पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी कोर्टात वाचायची वेळ आली, बघा म्हणजे कागद मरत नाही. आणि आपल्या जवळचं उदाहरण पाहिजे तर भाईंदर, मिरा आणि घोडबंदर, ही गावं १८७० साली रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिली होती, समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालायच्या बोलीवर. नऊशे नव्व्याण्णव! आपल्या सोसायटीचा लिफ्टचा करार तीन वर्षं टिकत नाही.

तर मी काय केलं, जे सगळे करतात तेच. खोताचं नाव घेतलं आणि नावाने शोधत सुटले. चार शनिवार गेले. एकतर इंग्रजी कागदात ठाणे म्हणजे टॅना, कल्याण म्हणजे कॅलियन, वसई म्हणजे बसीन, आणि माणसांच्या नावाचं तर विचारूच नका, एकच गृहस्थ तीन कागदांत तीन स्पेलिंगने. पारशी घराण्यात आडनाव कधी बापाचं नाव, कधी आजोबांचं, कधी धंदा. आपल्याकडे दत्तक गेला की नाव, बापाचं नाव, सगळंच बदललं. एका कार्यालयात तर मला सांगितलं की ते रजिस्टर उंदरांनी नेलं, आणि दोन महिन्यांनी तेच रजिस्टर तिथल्याच कपाटावर मिळालं, उंदीर परत ठेवून गेले असतील.

मग अक्कल आली. माणूस हलतो, नाव बदलतो, मरतो. शेत तिथेच असतं. म्हणून गाव आणि सर्व्हे नंबर धरायचा आणि आजपासून मागे जायचं.

सातबारा तर माहितीच आहे, त्यावर फेरफार, म्हणजे जमिनीवरचं नाव बदलल्याच्या नोंदी, त्यांचे नंबर असतात, त्यातला सगळ्यात जुना नंबर घ्या आणि तो फेरफार काढा. ठाणे जिल्ह्याचे जुने फेरफार बऱ्यापैकी स्कॅन झालेत, ऑनलाइन दिसतात. फेरफारात घराणंच लिहिलेलं असतं पण कोडभाषेत. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, म्हणजे मागे भाऊ आहेत पण नावं लिहिली नाहीत, ते शोधायचे. 'अ.पा.क. आई' म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई, म्हणजे बाप वारलाय, मुलगा लहान आहे आणि बाई कारभार बघतेय. एवढ्याशा चार अक्षरांत सगळी कथा असते, आणि आपण ती टायपिंग मिस्टेक समजून सोडून देतो.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ करतेय ते. कूळ कायदा, १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं मालक मानलं गेलं, आणि मग किंमत ठरवायला कलम ३२ग खाली प्रत्येक जमिनीची चौकशी लागली. या चौकशीत काय व्हायचं, तर तहसीलकडनं मालकालाही नोटीस जायची. नोटीस पाठवायची म्हणजे पत्ता पाहिजे! म्हणजे जो खोत गावात कुणी बघितला नव्हता त्याचा मुंबईचा घरनंबरासकट पत्ता आमच्या पणजोबांच्या फाइलमध्ये. गिरगावातली चाळ, मजला, खोली. मी ती फाइल हातात धरून तिथेच पायरीवर बसले.

आणि त्याहून भारी गोष्ट पुढे आहे. मालक विधवा असेल, अज्ञान असेल किंवा अपंग असेल तर कायद्यात कुळाची खरेदी पुढे ढकलायची तरतूद होती, कलम ३२फ. आमच्या फाइलवर तेच, खरेदी तहकूब, कारण मालक विधवा. म्हणजे १९५७ मध्ये खोत हयात नव्हता, बायको होती, हे कळलं. मग ती बाई वारल्यावर फाइल परत उघडली, आणि तेव्हा तिच्या सगळ्या वारसांची नावं, वयं, मुली कुठे दिल्या ते सकट. एकाच घराचे दोन फोटो, मध्ये काही वर्षांचं अंतर. कुठल्या वंशावळीच्या पुस्तकात असं मिळत नाही. आमच्या पणजोबांना मात्र तेवढी वर्षं थांबायला लागलं, ते आणखी एक आहे.

तर माझं म्हणणं असं की खोताचं घराणं खोताच्या कागदात शोधू नका, त्यांचे कागद वाटण्यांमध्ये गेले, घर बदलताना रद्दीत गेले. कुळाने जपलेत, कारण कुळाकडे दुसरं काहीच नव्हतं.

साष्टीच्या इस्टेटींसाठी अजून एक खजिना आहे. १९५१ चा साष्टी इस्टेटींचा कायदा, त्यात इस्टेटवाल्यांची शेतसाऱ्याची माफी गेली, आणि १४ ऑगस्ट १९५१ च्या आधी ज्या पडीक जमिनीला मालकाने हात लावला नव्हता ती सरकारजमा. मग इस्टेटवाले धावले, आम्ही हात लावला होता हे दाखवायला पट्टे, नकाशे, खरेदीखतं सगळं घेऊन. त्या दाव्यांच्या निकालपत्रांत पहिल्या दस्तापासून कुणाकडनं कुणाकडे, अशी साखळी तयार लिहिलेली असते, वाचा, फुकट आहे.

आता गिरगावचा पत्ता हातात आला आणि माणूस कधी वारला त्याचा अंदाज आला, मगच मृत्युपत्राकडे जायचं, आधी नाही. त्या काळी मुंबईत केलेल्या किंवा मुंबईतल्या घरादाराबद्दलच्या हिंदू मृत्युपत्रालाही प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, लागायचं, १८७० च्या कायद्यापासून, म्हणजे ते हायकोर्टात गेलेलं असणार. आणि मृत्युपत्राचं रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण केलं असेल तर ते सबरजिस्ट्रारच्या तीन नंबरच्या पुस्तकात आणि इंडेक्स थ्रीमध्ये सापडतं. इंडेक्स टू सगळ्यांना माहितीये, फ्लॅट घेतला की मिळतो, तो मालमत्तेचा. इंडेक्स वन नावांचा. थ्री मृत्युपत्रांचा, आणि यातली गंमत अशी की करणारा जिवंत असेपर्यंत नक्कल फक्त त्याला नाहीतर त्याच्या एजंटला, पण तो वारल्यावर अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळू शकते. कलम ५७. खिडकीवर नाही म्हणाले तर कलम सांगा, आवाज न चढवता.

मृत्युपत्र वाचताना सगळे कुणाला काय दिलं तेवढंच बघतात. मी कुणाला काही दिलं नाही ते आधी बघते. आमच्या खोताने थोरल्या मुलाबद्दल लिहिलंय की त्याला आधीच पुष्कळ दिलेलं आहे, बस, एक ओळ. आणि फेरफारात थोरला मुलगा कुठेच नव्हता, मी त्याला मेलेला समजत होते! तो मेला नव्हता, भांडला होता. आणि मुली शोधायच्या असतील तर हक्कसोडपत्र. जमीन मिळाली म्हणून बाईचं नाव कागदावर क्वचित येतं, जमीन सोडली म्हणून हमखास येतं, माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांनी, अंगठ्यासकट.

तुमचा जमीनदार गोरा साहेब असेल तर रस्ता वेगळा, मुंबई इलाख्यातल्या मृत्युपत्रांच्या नकला लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदी एन-३ या मालिकेत. आणि १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा ठाण्यातनं वेगळा निघाला, त्यामुळे गाव त्या बाजूला गेलं असेल तर १९२० नंतरचं दप्तर ठाण्यात शोधत बसू नका. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेखागार आहे, तिथे जाताना पेन्सिल न्या.

तर शेवटी मी त्या घरातल्या एकांना फोन केला. दादरला असतात, साठीच्या पुढचे. मी म्हटलं, काका, मी तुमच्या पणजोबांच्या कुळाची पणती. पलीकडे एकदम शांत. मला वाटलं ठेवला फोन. मग म्हणाले, "जमिनीचं काही आहे का?" म्हटलं नाही हो, जमीन आमची होऊन जमाना झाला. मग मोकळे झाले. त्यांना त्यांच्या पणजीचं नाव माहीत नव्हतं, घरात सगळे नुसतं बय म्हणायचे. आमच्या ३२ग च्या फाइलमध्ये तिची सही आहे, मोडीत, खणखणीत. मी ती व्हॉट्सॲपवर पाठवली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, ती भाताची पावतीपण द्याल का, आमच्याकडे त्या काळातलं काहीच राहिलं नाही.

झेरॉक्स देते म्हटलं. ही पेटीतच राहणार.