लेकरं विचारतात कुणाला?

(वसमत परिसरातील पालक आणि शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, शाळेत प्रश्नपेटी ठेवली की एचआयव्हीच्या चिठ्ठ्या येतातच. डास चावला तर होतो का? सलूनमध्ये दाढी केली तर? एका चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘मावशीला आहे. आई तिचं ताट वेगळं ठेवते. मी त्याच ताटात जेवलो. मला होईल का?’ हे लेकरू किती दिवस ही धास्ती पोटात घेऊन फिरलं असेल! उत्तर सरळ आहे, नाही होणार. एका ताटात जेवून, मिठी मारून, डास चावून एचआयव्ही होत नाही. तो होतो असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, वापरलेल्या सुईतून आणि आईकडून बाळाला. आईला वेळेवर औषध मिळालं तर बाळही बहुतेक वेळा वाचतं. मावशीनं रोजच्या गोळ्या चुकवल्या नाहीत तर तीही चांगलं आयुष्य जगेल. त्या गोळ्या सरकारी दवाखान्यात २००४ पासून मोफत मिळतात.

हे सगळं त्या घरातल्या मोठ्यांनी सांगायला हवं होतं. पण मोठ्यांनाच ठाऊक नसतं. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात २००९ साली सेवालय या संस्थेत राहणारी एचआयव्हीबाधित मुलं शाळेत आली, तर पालकांनी आपली मुलं पाठवणं बंद केलं. भीती लेकरांची नव्हती, आईबापांची होती.

गुरुजी म्हणतात, पुस्तकात आहे की! आठवीच्या विज्ञानात एड्स आहेच. पण ‘हे घरी वाचा’ म्हणून पान उलटलं जातं. २००७ साली तर लैंगिक शिक्षणाच्या साहित्यावरून आपल्या विधिमंडळातच वादळ उठलं आणि तो कार्यक्रम थांबला. मग पोरं मोबाईलकडं वळणारच. तिथं आधी अश्लील व्हिडिओ भेटतात, मग ‘एड्स मुळापासून बरा करतो’ म्हणणारे भोंदू. एचआयव्ही पूर्ण बरा करणारं औषध आज कुठल्याच मेडिकलमध्ये मिळत नाही, हे पोरांना कोण सांगणार?

पोरींच्या हाती तर मोबाईलही नसतो. मला सगळ्यात जास्त काळजी त्यांचीच वाटते. ऊसतोडीच्या घरातली पोर अठराच्या आतच बोहल्यावर चढते आणि नवऱ्यासोबत कोयत्याची जोडी होऊन कारखान्याच्या फडावर जाते. निरोध म्हणजे काय, नवऱ्याला तपासणी करायला सांगता येते का, यातलं एक अक्षर तिच्या कानावर पडलेलं नसतं.

सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीचा सल्ला आणि तपासणी करणाऱ्या केंद्रात समुपदेशक असतात. तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. १०९७ या क्रमांकावर फुकट फोन लावून नाव न सांगता विचारता येतं. त्या समुपदेशकाला शाळेत बोलवा. पोरं आणि पोरी दोघांनाही बसवा, पोरांना मैदानावर पिटाळू नका. आणि प्रश्नपेटीची किल्ली वर्गशिक्षकाकडं ठेवू नका. सर अक्षर ओळखतील या भीतीनं कित्येक लेकरं डाव्या हातानं लिहितात, कित्येक लिहीतच नाहीत.