कुत्रं कुणाचं?

(कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो,

पशुवैद्यक म्हणून या शहरात मी तीसहून अधिक वर्षे काम केले. आजारी कुत्र्यांइतकेच त्या कुत्र्यांचे शेजारीही मला भेटत आले आहेत. शेजाऱ्याने तक्रार केली की पाळणारा म्हणतो, “काय करत न्हाई ओ ते, नुसतं भुंकतंय.” पुढे एखाद्या दिवशी ते कुणाच्या तरी पोटरीला धरते आणि त्याच तोंडून उत्तर येते, “आमचं कुठलं? गल्लीतलं हाय ते.” भाकरी याच्या घरची आणि चावा मात्र गल्लीचा, असा हा हिशेब आहे. शेजारच्या मोकाट आणि अंगावर येणाऱ्या कुत्र्याचा प्रश्न सुटत नाही तो बहुतेक वेळा याच ठिकाणी अडतो, म्हणून आज मी कुत्र्याच्या स्वभावापेक्षा त्याच्या धन्याविषयी जास्त बोलणार आहे.

तरीही स्वभावाविषयी थोडे सांगितले पाहिजे. आपल्या पेठांतली घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि अंगण म्हणजे दारापुढची दोन फरशांची जागा. तिथे हातभर साखळीने कुत्रे दिवसभर बांधायचे आणि रात्री दहानंतर, रस्ता सामसूम झाला की, ‘जरा पाय मोकळे करून येऊ दे’ म्हणून सोडायचे, ही रीत इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे असे कुणाला वाटतही नाही. दिवसभर दारावरून जाणाऱ्या प्रत्येकावर ते भुंकते आणि तो माणूस, जाणारच असल्यामुळे, निघून जातो. कुत्र्याचा समज होतो की आपणच त्याला हाकलले. रात्री सुटल्यावर त्याचे राज्य उंबऱ्यापासून गल्लीच्या तोंडापर्यंत वाढलेले असते आणि कामावरून उशिरा परतणारा माणूस त्याच्या दृष्टीने घुसखोर ठरतो. नर असेल आणि निर्बीजीकरण झालेले नसेल तर भटकणे आणखी वाढते. निर्बीजीकरणाने हे भटकणे पुष्कळ कमी होते. मात्र भीतीपोटी चावणारे कुत्रे केवळ त्या शस्त्रक्रियेने सुधारते असे मी कधी कुणाला सांगितलेले नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. कारवानी कुत्र्याचा षौक कोल्हापूर-सांगलीकडे जुना आहे. याच कुळातल्या मुधोळ कुत्र्यावर भारतीय टपाल खात्याने २००५ साली तिकीटही काढले. हे कुत्रे नजरेने शिकार धरणारे आहे, म्हणजे वासापेक्षा हलणारी वस्तू पाहून धावणारे. माळावर ससा पळावा तशी गल्लीतून मोपेड पळते आणि हे तिच्यामागे सुटते. त्यात त्याची दुष्टाई नाही, पण मोपेडवरची बाई पडायची ती पडतेच. असे कुत्रे मागे लागले तर वेग वाढवू नये. गाडी थांबवावी, पाय खाली टेकवावेत, नजरेला नजर न देता पिशवी मधे धरावी आणि ते मागे सरेपर्यंत उभे राहावे. पाठलागातली मजा संपली की बहुतेक कुत्री गोंधळतात.

आता धन्याकडे वळतो. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ आपल्या ताब्यातील प्राण्याबाबत हयगय करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगते. या कलमात शब्द ‘ताबा’ असा आहे, हे ध्यानात ठेवावे. कुत्रे विकत घेतल्याची पावती कुणाकडेही नसते; पण ते कुणाच्या दारी बांधले जाते, कुणाची हाक ऐकते, त्याच्या गळ्यात पट्टा कुणी घातला आणि त्याला लस कुणी टोचून आणली, हे सगळी गल्ली जाणते. दुसरे असे की, या कलमाला माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला संभवणारा धोका लागतो आणि त्याबाबत जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे केलेली हयगय लागते. नुसत्या भुंकण्यावर ते लागू होत नाही. म्हणूनच धन्याला आधी लेखी कळवणे महत्त्वाचे ठरते, कारण त्यानंतर ‘मला ठाऊकच नव्हते’ असे म्हणायला त्याला जागा उरत नाही.

याउलट ते कुत्रे खरोखरच बेवारस ठरले तर काय होते? २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे रस्त्यावरच्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याला उचलले त्याच जागी परत सोडायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीज झालेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक वर्तन करणारी कुत्री या परत सोडण्यातून वगळली. पाळीव कुत्र्याची लस, जंताचे औषध आणि निर्बीजीकरण यांची जबाबदारी मात्र हे नियम थेट धन्यावर टाकतात. ‘गल्लीतलं हाय’ या दोन शब्दांनी धनी ही जबाबदारी महानगरपालिकेच्या, म्हणजे तुमच्याआमच्या, गळ्यात घालत असतो.

मग करायचे काय? पहिल्यांदा घरी जाऊन बोलावे, तेही सकाळच्या वेळी, गल्लीतली चार माणसे पाठीशी न घेता. जमाव पाहिला की माणूस कुत्र्याची बाजू घेतो. ‘कुत्रे काढून टाका’ ही मागणी करू नये, कारण ती कुणीही मान्य करत नाही आणि चुकून मान्य झालीच तर ते कुत्रे रात्री नदीपलीकडे सोडून दिले जाते. मागावे ते एवढेच: सकाळ-संध्याकाळ पट्ट्याला धरून फिरवणे, चावऱ्या कुत्र्याला बाहेर नेताना मुसके घालणे आणि परसात किंवा गच्चीवर दोन खांबांमध्ये तार ताणून तिच्यात साखळीची कडी अडकवणे, म्हणजे कुत्र्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत पळता येते. खर्च किरकोळ आहे. शिवाय आखूड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाच आहे, आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे हाही; हे धन्याला सांगितले तर तुम्ही कुत्र्याच्या बाजूचे आहात हेही त्याला कळते.

ऐकले नाही तर पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. सोबत एका वहीत तारीख, वेळ, कुणाच्या अंगावर आले आणि कुणी पाहिले याची नोंद ठेवावी, पट्ट्यासह फोटो काढून ठेवावेत. पोलीस ठाण्यात ‘कुत्र्याचा फार त्रास आहे’ एवढे सांगणाऱ्याला घरी पाठवले जाते. वही आणि पोच घेऊन जाणाऱ्याला तसे पाठवणे अवघड जाते. धोकादायक प्राणी कोंडून ठेवण्याचा किंवा त्याची अन्य व्यवस्था लावण्याचा आदेश देण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या प्रांतांना, आहे.

आणि चावलेच तर? जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांतले काहीही भरू नये. त्याच दिवशी सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे; कातडीत देण्याची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी घ्यावी लागते आणि रक्त आलेली जखम असेल तर जखमेतच सोडायचे रेबीजविरोधी सीरमही आवश्यक असते. लस सुरू केल्यावर कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवतात. ते दहा दिवस जिवंत आणि ठणठणीत राहिले, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू नव्हते असे धरता येते. ही नजर ठेवणार कोण? धनी हात झटकून मोकळा झाला आणि कुत्रे गायब झाले, तर जखमी माणूस सगळी इंजेक्शने धास्तीत घेतो. कुणी रागाने विष घातले तरी हीच गत होते, शिवाय विष घालणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

माझ्याच घरापासून तिसऱ्या दारी असे एक कुत्रे होते. वर्षभर मी काहीच बोललो नाही, कारण धनी माझ्याकडेच कुत्रे आणायचा आणि गिऱ्हाईक दुखवायचे नव्हते. हे सांगताना मला संकोच वाटतो. पुढे दूध टाकणारा मुलगा सायकलवरून पडला आणि त्याचे मनगट मोडले, तेव्हा मी पत्र लिहिले. दोन महिने धनी माझ्याकडे पाहत नव्हता. तिसऱ्या महिन्यात गच्चीवर तार ताणलेली दिसली आणि एका संध्याकाळी तो कुत्र्याला पट्ट्याला धरून, लसीचे कार्ड घेऊन दवाखान्यात आला. वार्षिक लसीची तारीख उलटून गेली होती. कार्डावर कुत्र्याचे नाव होते, ‘मालकाचे नाव’ ही ओळ कोरी होती. मी पेन पुढे केले आणि त्याने ती भरली.