हापशाजवळचा तास

श्रोतेहो, नमस्कार.

लहान मुलांना विज्ञान आणि समाजशास्त्र कसं शिकवावं, हा आजचा विषय. खरं सांगायचं तर आठ-नऊ वर्षांच्या मुलापुढे हे दोन विषय नसतातच. १९७५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातसुद्धा प्राथमिक वर्गांसाठी दोन्ही एकत्रच ठेवले होते. आपल्याकडचा परिसर अभ्यास त्याच वाटेवरचा. तिसरीचं पुस्तक तर जिल्हावार निघालं, प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं. पण चौथीला त्याचे भाग एक आणि भाग दोन होतात, वेळापत्रकात वेगवेगळे तास पडतात आणि बघता बघता मधे भिंत उभी राहते. ती पाडायला मी आज एकच वस्तू घेणार आहे. गावागावात असते ती: हापसा, म्हणजे हातपंप.

वर्ग हापशाजवळ न्या. मुलं गोल उभी करा आणि पहिली दोन-चार मिनिटं तुम्ही काहीच बोलू नका. हे शिक्षकाला सगळ्यात अवघड जातं, मला ठाऊक आहे. एकेकाला दांडा मारू द्या. दांड्याचं लांब टोक आपल्या हातात, आखूड टोक डोक्याच्या पेटीत. आत साखळी, साखळीला लोखंडी गज, गज खाली बोअरमध्ये गेलेला, आणि पार तळाशी, पाण्यात बुडालेला एक नळा. त्या नळ्यात वरखाली होणारा दट्ट्या आणि दोन झडपा. दोन्ही झडपा वरच उघडतात, म्हणून वर आलेलं पाणी परत खाली जात नाही. हे वर्गात दाखवायचं असेल तर मेडिकलमधून बिनसुईची नवी सिरिंज आणा. झडपा त्यात नसतात, पण दट्ट्या ओढला की पाणी मागोमाग येतं, एवढं तरी पोरांना हाताला कळतं.

मग प्रश्न येऊ द्यात. सकाळी पहिल्यांदा मारलं तर बराच वेळ नुसता खडखडाट का होतो? तळाची झडप गळत असते, रात्रीतून पाणी खाली उतरलेलं असतं. "वायसर गेलाय" हे उत्तर एखादा पोरगाच देतो, कारण दुरुस्तीवाला आला तेव्हा तो तिथे उभा असतो. उन्हाळ्यात दांडा जड का लागतो? पाण्याची पातळी खाली गेली की तेवढं जास्त उंच पाणी उचलावं लागतं. भूजल म्हणजे काय, ही व्याख्या फळ्यावर लिहून जे होत नाही ते एप्रिलमधला एक दांडा करून जातो. मार्गदर्शकातली "पाण्याचे स्रोत कोणते?" ही पाच ओळींची उत्तरं पाठ झालेलं मूल स्वतःच्या गावचं पाणी कुठून येतं ते सांगू शकत नाही, हे मी पुष्कळ वर्गांत पाहिलं आहे.

आता त्याच जागेवर उभं राहून दुसरा प्रश्न. इथे पाणी कोण भरतं? मुलांना सकाळी शाळेच्या आधी हापशाजवळ बसवा, प्रत्येक येणाऱ्या माणसासाठी पाटीवर एक रेघ. बायांची रांग, बाप्यांची रांग, मुलींची, मुलांची. निकाल तुम्हाला आधीच माहीत आहे, त्यांना नसतो. कुणीतरी हमखास म्हणतो, "पण बाई, आमच्यात पप्पा आणतात की, गाडीवर!" आणि ते खरंच असतं. कॅन मोटारसायकलला लटकू लागला की पाणी पुरुषांकडे जातं. डोक्यावर असतं तेव्हा बायकांकडे. याच्यावर भाषण देऊ नका. रेघा मोजू द्या, मुलं आपसात भांडू द्यात.

इथे एक गोष्ट सांभाळायची. बऱ्याच गावांत एकाच पाण्याची हकीकत प्रत्येक वाडीची वेगळी असते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक पाणी प्यायले, हे चौथीच्या मुलालाही सांगावं, नीट सांगावं. पण ते सांगताना वर्गातल्या कुणा मुलाकडे नजर वळू देऊ नका. त्याला उदाहरण बनवून उभं करणं हा धडाच उलटा करणं आहे.

आणि हा हापसा आला कुठून? इथून इतिहास सुरू होतो. १९७२च्या दुष्काळात विहिरी, आड आटले. मग आपल्या काळ्या कातळात खोल बोअर घेणारी यंत्रं आली. तेव्हाचे ओतीव लोखंडाचे पंप एवढ्या वापराला टिकत नसत. त्या वेळी सोलापूरकडे वापरला जाणारा एक पंप त्यातल्या त्यात दणकट होता. त्यावरूनच पुढे युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' हा हातपंप तयार झाला आणि तो आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पोचला. सोलापूरच्या पोरांना हे कुणी सांगतं का? सांगितलं तर त्यांची छाती फुगेल.

गृहपाठ म्हणून घरच्या आजी-आजोबांना विचारून यायला सांगा: बहात्तर साली काय खाल्लंत? सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं, रोजगार हमी, सगळं बाहेर येतं. या वयात काळाची जाण कच्ची असते. आजोबांनी शिवाजी महाराजांना पाहिलं होतं का, असं पोर अगदी निरागसपणे विचारतं. म्हणून आधी आजीच्या लहानपणापर्यंत मागे जायचं, मग तिच्या आजीपर्यंत, आणि मगच तीनशे-साडेतीनशे वर्षं. एक लांब सुतळी घ्या, ठरावीक अंतरावर गाठी मारा. सुतळी वर्ग ओलांडून व्हरांड्यात जाते तेव्हा "खूप वर्षांपूर्वी" या शब्दाला लांबी येते.

नकाशाचंही तेच. भिंतीवर टांगलेला नकाशा पाहून मुलं म्हणतात, उत्तर दिशा वर, आढ्याकडे. त्यांची चूक काय? आपण तो टांगलाच तसा. नकाशा जमिनीवर पसरा, उत्तर उत्तरेला फिरवा आणि पहिला नकाशा हापशापासून शाळेपर्यंतचाच काढून घ्या.

शहरातले श्रोते म्हणतील, आमच्याकडे हापसा नाही. नळ आहे ना? ठरावीक वेळेला पाणी सोडणारा चावीवाला आहे, सोसायटीची टाकी आहे. मुंबईच्या मुलाला तानसा, भातसा, मोडकसागर ही शहराला पाणी देणाऱ्या धरणांची नावं पाठ असतात. ती धरणं ज्या भागात आहेत, त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. सांगा. तो विचारेल "का?", आणि त्याचं उत्तर तुम्हालाही एका दमात देता येणार नाही. चालेल.

पृथ्वी गोल आहे, हे पहिलीतलं मूलही म्हणतं. पण चित्र काढायला लावा. व्होस्नियाडू आणि ब्रूअर या संशोधकांनी १९९२ साली दाखवून दिलं की कित्येक मुलं पोकळ चेंडूच्या आत सपाट जमीन काढतात. हैदराबादच्या मुलांवर पुढे असाच अभ्यास झाला, तिथे काही मुलांची पृथ्वी पाण्यावर तरंगत होती. म्हणजे आपण सांगितलेलं आणि घरात ऐकलेलं, दोन्ही जुळवून मूल आपलं काहीतरी उभं करतं. ते बघितल्याशिवाय पुढे शिकवायचं कसं?

वेळ कुठे आहे, असं दोनशिक्षकी शाळेतले गुरुजी विचारतात. चार वर्ग दोघांकडे, वर सरकारी कचेरीला पाठवायच्या माहित्या आणि टपाल. तक्रार रास्त आहे. म्हणूनच महिन्याला एकच वस्तू धरा, तीही चारही वर्गांना एकत्र घेऊन. पहिलीचा पोरगा दांडे मोजेल, चौथीची मुलगी तक्ता करेल.

जुलैसाठी एक सुचवतो. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो १३-१४ मेच्या सुमारास, तेव्हा शाळेला सुट्टी. दुसऱ्यांदा येतो जुलैच्या अखेरीस, तेव्हा आभाळ भरलेलं. निसर्गाने शिक्षकांची चेष्टाच केली आहे. तरी अंगणात एक सरळ काठी रोवून ठेवा आणि उघडीप मिळाली की साडेबाराच्या सुमाराला सावलीवर खडूची रेघ ओढा. खडू मुलांच्या हातात द्या.

नमस्कार.